गुळवणीची वाटी

आमच्या घरात पाहुण्याला विचारून वाढत नाहीत. 'वाढू का' म्हणलं की पाहुणा लाजून नको म्हणणार आणि अर्धपोटी उठणार, असं माझ्या आईचं ठाम मत. त्यामुळं ती पळी घेऊन पंगतीत शिरली की समोरच्यानं ताटावर हात आडवा धरला तरी हाताच्या खालून, वरून, बोटांच्या फटीतून वाढून ती पुढं गेलेली असते. त्यात जावई असला तर बोलायलाच नको. आमच्या आत्याच्या यजमानांना पहिल्या धोंड्याला, म्हणजे अधिक महिन्यातल्या जावयाच्या जेवणाला, एवढं खाऊ घातलं होतं, की ते ताटावरून उठले ते थेट पडवीत आडवे झाले आणि त्यांची भोरची एसटी चुकली. ही गोष्ट आमच्या गावात, गुंजवण्यात, आजही सांगतात, आणि मोठ्या अभिमानानं सांगतात.

असल्या घरात मी माझा शुगरवाला नवरा घेऊन धोंड्याच्या जेवणाला निघाले होते.

शुगर म्हणजे उतारवयात होते ती नव्हे. सोमनाथला शाळेत असल्यापासून आहे. जेवायच्या आधी पोटाला सुई टोचून घ्यावी लागते, रोज, न चुकता. दिसायला ती सुई पेनासारखी, त्यामुळं खिशात असली तरी कुणाला काही वाटत नाही. एरवी माणूस धडधाकट. भोरला शेतीपंपाच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देतो, जड मोटार एकटा उचलतो. घरात मी त्याला अहो म्हणते, मनात मात्र सोमनाथच.

आमच्या दोन्ही घरांत ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. तो, त्याची आई आणि मी. आधी एका ठिकाणी खरं सांगितलं आणि जमलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून सासूबाईंनी त्याला आपली शपथ घातली होती, पुन्हा कुठं बोलायचं नाही म्हणून. तरी हा शहाणा मला बघून गेल्यावर दोनच दिवसांनी वेल्ह्याच्या स्टँडवर येऊन उभा राहिला. चहा सांगितला, बिनसाखरेचा. आणि म्हणाला, "मला असं असं आहे. नको असेल तर आत्ताच नाही म्हण. कारण घरी काय सांगायचं ते माझं मी बघीन." बोलताना त्याचे कान लालबुंद झाले होते. मी भजी खात होते. मी म्हणलं, "चहा गार होतोय." झालं, तेवढ्यावर आमचं लग्न ठरलं.

घरी मी चकार शब्द काढला नाही. का काढीन? माझे वडील धनाजी, आमचे दादा, म्हणजे लपवाछपवीच्या नावानं पेटणारा माणूस. माझ्या एका चुलत्यानं खोड लपवून त्यांना बैल विकला म्हणून त्याच्याशी आजतागायत बोलत नाहीत. समोरून आला तर बांध बदलतात. त्या चुलत्यानं तर नुसता बैल लपवला होता, मी जावई लपवला होता! कळलं असतं तर सोमनाथच्या घरच्यांना फसवे म्हणून मोकळे झाले असते, आणि मला आधीपासून ठाऊक होतं हे कळलं असतं तर माझं माहेर तुटलं असतं. ह्या भीतीनं धोंड्याच्या आधीचे आठ दिवस मला घास गोड लागला नाही.

त्या साली अधिक महिना ऐन लावणीत आला होता. खाचरात गुडघाभर चिखल, माणसांची ओढाताण, तरी वडिलांनी निरोप धाडला, जावयाला घेऊन या. मार्गासनीला वळलो तशी मी गाडीवर मागून ओरडून सांगितलं, "गोडाचं मी बघते. तुम्ही फक्त भात-भाजी खा."

"मामींनी एवढं केलेलं असणार. वाईट दिसतं ते," तो म्हणाला. "माझं मी बघतो."

"मी बघते म्हणलं ना!"

"बरं बाई, बघ."

रेनकोटाच्या टोप्या, वारा, त्यात खड्डे. दोघंही 'बघतो-बघते' म्हणालो आणि काय बघणार ते कुणीच सांगितलं नाही.

घरी पोचलो तर वेलदोड्याचा वास पार रस्त्यावर आलेला. आईनं अनारशाचं पीठ आधीच करून मुरवत ठेवलं होतं. सकाळपासून ती तुपात एकेक अनारसा सोडत होती. खसखशीची बाजू वर, झाऱ्यानं तूप उडवत, जाळी पडली की बाहेर. जावयाच्या वाणाला तेहतीस लागतात. पातेल्यावर चाळण ठेवून पुरणाचे धोंडे वाफवायला लावले होते, आणि चुलीच्या कडेला पातेलंभर गुळवणी, गुळाच्या पाण्यात आलं किसून घातलेली, तांबूस. भाटघरहून बनाबाई आत्या आदल्या दिवशीच येऊन बसल्या होत्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नजर अशी, की चुलीपुढं बसून पडवीतलं सगळं त्यांना दिसतं.

"आली का गं प्रेरणा! वाळलीस की. सासू खायला घालती का न्हाई?"

"घालतात आत्या."

"मंग गालफाडं का बसली?"

काय सांगणार, काळजीनं बसली म्हणून? मी पदर खोचला आणि आईच्या हातातला झारा घेऊ लागले. तिनं घेऊ दिला नाही.

"तू पावणी हायेस आज. जोडीनं बसायचं, जोडीनं जेवायचं. आन जावईबापूंना सांग, पोटाला जागा ठिवा म्हणावं. म्या काय कुणाचं ऐकायची न्हाई."

सोमनाथ पडवीत वडिलांबरोबर, मी माजघरात बायकांबरोबर. माहेरी नव्या जोडप्याला एकमेकांशी बोलायला मिळणं म्हणजे महाकठीण काम. दोनदा मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले, दोन्ही वेळा वडील मोटारीच्या गप्पा मारत मध्ये बसलेले. "आमचा जावई म्हंजे गडी हाय गडी," असं त्यांनी शेजारच्या गेनबांना ऐकवलं तेव्हा सोमनाथनं माझ्याकडं बघितलं आणि मी खाली.

ताटं मांडली. सोमनाथ हात धुवायला म्हणून न्हाणीकडं गेला. सुई घ्यायला गेला हे मला कळलं. पण एक गोष्ट कळली नाही. ती त्यानं मला नंतर सांगितली. जाता जाता स्वयंपाकघरात ती धोंड्यांची चळत त्याला दिसली होती आणि त्यानं ठरवून टाकलं होतं, सासूनं एवढं राबून केलंय तर आज मनसोक्त खायचं. म्हणून त्यानं नेहमीपेक्षा जास्तीचं औषध टोचून घेतलं. म्हणजे त्याचं त्यानं बघितलं.

परत येऊन पाटावर बसला आणि वडिलांना आठवलं, "आगं आधी वाण! वाण दिल्याबिगर जेवायचं व्हय?"

झालं! ताटं तशीच झाकली. अनारशांचं ताट, त्यावर दिवा, तो वाऱ्यानं सारखा विझायचा. आत्या म्हणाल्या दार लावा, दार लावलं तर अंधार झाला, मग बल्ब लावला तर लाईट गेलेली. मग टॉवेल-टोपी सापडेना. ती सापडली तर कुंकवाची कोयरी कुठं गेली? आई मला रागावली, मी उगाच आत्यांवर चिडले. सोमनाथ पाटावर बसून होता. मी मनात म्हणत होते, होऊ दे उशीर, भूक मरेल तर कमी खाईल. देवा, मी असं म्हणत होते!

शेवटी एकदाचं वाण झालं, आणि आई पळी घेऊन शिरली.

त्याच्या ताटात तिनं बघता बघता तीन धोंडे टाकले, वर तुपाची धार, शेजारी गुळवणीची भरली वाटी. मी त्याच्या शेजारीच बसले होते. आई वळली की एक धोंडा माझ्या ताटात. आत्यांनी लोणच्याकडं हात केला की दुसरा माझ्या ताटात. तिसऱ्याचा त्यानं तुकडा मोडला होता, तो राहिला. भातावर आईची पळी आली तशी मी माझं ताट पुढं केलं, "मला वाढ, मला!" त्याच्या ताटात मी काकडीची कोशिंबीर आणि उसळ सारली. तो माझ्याकडं बघून काहीतरी पुटपुटला. मला वाटलं, थांब म्हणतोय भिडेपोटी. मी डोळे वटारले.

तरी एकदा तो स्पष्टच म्हणाला, "अगं, खाऊ दे की मला."

"गप बसा," मी दातओठ खात म्हणलं.

हे सगळं कुणी बघत नसेल असं मला वाटत होतं. आणि समोर आत्या!

"नूतन," त्या आईला म्हणाल्या, आवाज मुद्दाम बारीक करून, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतका, "लेकीला वाढ गं. नवऱ्याच्या ताटातलं सुदिक सोडंना. दोन जिवाची दिसतीया बया!"

आईच्या हातातली पळी पातेल्यात पडली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वडील खाली मान घालून मिशीत हसायला लागले. आता नाही म्हणावं तर मग त्याच्या ताटातलं का उचललं ते सांगा. मी मान खाली घातली. माझ्या मेलीच्या त्या गप्प बसण्याचा त्यांनी होकार धरला, आणि आईनं माझ्या ताटात आणखी दोन धोंडे ठेवले.

त्याच वेळी सोमनाथनं गुळवणीच्या वाटीकडं हात नेला. मी वाटी माझ्याकडं ओढली. त्यानं पुन्हा हात पुढं केला, तर मी ती माझ्या ताटाच्या पलीकडं ठेवली. त्याचा हात तिथं जमिनीवरच राहिला, बोटं थरथरत होती. मला इतका राग आला की मी त्याच्या तोंडाकडं बघितलंच नाही.

बघितलं ते आत्यांनी. "पावण्यांना तिखट लागलं जणू. किती घाम आलाय!"

मी मान वळवली. कपाळावरून, गळ्यावरून घाम निथळत होता. सदरा पाठीला चिकटला होता. एवढ्या गार हवेत! चेहरा पांढराफटक, आणि नजर माझ्यावर असून माझ्यावर नव्हती.

"अहो?"

"मोटार जळली," तो म्हणाला. "पाणी बंद करा."

आणि तो हळूच भिंतीला टेकला.

मला सगळं एकदम कळलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यानं मला बसवून शिकवलं होतं. शुगर वाढली तर मरायला वेळ लागतो, उतरली तर लागत नाही. घाम, थरथर, भलतंच बोलणं दिसलं की शुद्धीत आहे तोवर तोंडात गोड घालायचं, ताबडतोब. मी वाटी उचलली आणि त्याच्या ओठांना लावायला गेले.

वडिलांनी माझं मनगट धरलं. "गोड नगं पाजू! घेरी आलीया त्यांना. बनाक्का, कांदा आण!"

"पित्त चढलंय," आत्या उठता उठता म्हणाल्या. "लिंबू द्या."

"सोडा दादा!"

"आगं वकतील ते—"

"त्यांना शुगर आहे!" मी किंचाळले. "सोडा मला, त्यांना शुगर आहे!"

वडिलांचा हात सुटला. मला वाटलं आता पाजता येईल. पण आई मध्ये आली आणि तिनं वाटी दोन्ही हातांनी पकडली.

"शुगर हाय? आन गुळवणी पाजतीस? येड लागलं का तुला? गोडानंच तर मरत्यात मान्सं!"

"आई, उतरलीय ती! मीच उतरवली, मी त्यांना खाऊ दिलं न्हाई! सोड!"

"न्हाई सोडायची. माझ्या दारात जावयाला काय झालं म्हंजे?"

मायलेकी एका वाटीला झोंबत होतो. गुळवणी माझ्या हातावर, तिच्या लुगड्यावर सांडत होती. मघापासून जी गोष्ट मी त्याच्या तोंडापासून लांब ठेवली, तीच आता मी मागत होते आणि मिळत नव्हती. भलतंच सांगितलं असतं तर एखादवेळेस पाजू दिली असती. खरं सांगितलं म्हणून अडवत होते. मी रडायला लागले. माझ्या आयुष्यात मी आईपुढं एवढी लाचार कधी झाले नव्हते.

"आई, माझ्यावर इस्वास ठेव गं. एकदा ठेव."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. किती वेळ बघितलं ते माहीत नाही, मला तरी लई वाटला. आणि तिनं वाटी सोडली.

मी त्याचं डोकं कुशीत घेतलं आणि घोट घोट पाजत गेले. पहिला ओघळून गेला. दुसरा गिळला. "गिळा, अहो गिळा, सोमनाथ गिळ रे!" सगळ्यांसमोर मी त्याला नावानं हाका मारत होते, कुणाला त्याचं काही वाटलं नाही. वाटी संपली तशी आई न सांगता दुसरी भरून घेऊन आली. आता ती वाटी स्वतः त्याच्या ओठांना लावत होती.

हळूहळू घाम थांबला. त्यानं डोळे मिटले, उघडले. माझ्याकडं बघितलं, या वेळी खरंच माझ्याकडं.

"मी जास्तीची घेतली होती," तो म्हणाला. "खायचं होतं म्हणून."

मी त्याच्या खांद्यावर एक गुद्दा मारला आणि ओक्साबोक्शी रडले.

आत्या कांदा हातात धरून तशाच उभ्या. मग त्यांनीच विचारलं, दबकत, "मंग पोरी, ते दुसरं?"

"न्हाई आत्या. तसलं काय न्हाई."

आईचं तोंड एवढंसं झालं. पण ती ओल्या फडक्यानं त्याचा गळा पुसत राहिली.

वडील उंबऱ्यात जाऊन उभे होते, आमच्याकडं पाठ करून, खाचरांकडं बघत. "कवा ठावं झालं तुला?" त्यांनी तसंच विचारलं.

"बघून गेले तेव्हा. लग्नाच्या आधी."

"मामा, चूक माझी आहे," सोमनाथ उठायला लागला. "मीच तिला—"

"तुमी बसा. म्या लेकीशी बोलतोय." त्यांनी चौकटीला हात टेकला. "तुझ्या चुलत्यानं बैल लपीवला. त्यो भाऊबंद, त्यानं लपीवलं तर लपीवलं. तू कशापायी? म्या कवा परका झालो तुला?"

मी त्यांच्या पाठीलाच सांगितलं, "तुमी न्हाई म्हणला असता, दादा."

त्यांनी मान हलवली. "व्हय," ते म्हणाले. "म्हणलो आसतो."

पण ते वळले नाहीत. आता उठून चालते होतील, बांध बदलतील, असं मला वाटत राहिलं. पण सोमनाथला आता पोटभर जेवायला हवं होतं, नुसत्या गुळवणीवर भागणार नव्हतं. मी आईला तसं सांगितलं. तिनं ताट धुऊन आणलं, त्याच्यापुढं मांडलं, भाताचं भांडं कडेवर घेतलं आणि पळी भरली.

आणि ती थांबली. माझ्या आईची पळी ताटावर थांबलेली मी जन्मात बघितली नव्हती. जास्त झालं तर काय होईल, कमी झालं तर काय होईल, हे सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्यावरची नजर काढून त्याच्याकडं वळली.

"जावईबापू," ती म्हणाली, "किती वाढू?"

"भात दोन पळ्या, मामी," सोमनाथ म्हणाला. "आणि धोंडा एक. तो मला खायचाच आहे."

तिनं दोन पळ्या भात वाढला. एक धोंडा ठेवला, त्यावर चमचाभर तूप सोडलं आणि हात मागं घेतला.

वडील अजून उंबऱ्यातच होते, पाठमोरे. तिकडूनच म्हणाले, "अजून एक वाढ गं त्यांना. पयलाच धोंडा हाय जावयाचा."

"न्हाई," आई म्हणाली. "त्यांनी एक म्हणलंय."